लोणी ओट्यावर की फ्रीजमध्ये?

गेल्या उन्हाळ्यात विज्ञानशिक्षकांच्या एका शिबिराला आम्ही गेलो होतो. सूक्ष्मजीवांवरचे व्याख्यान संपले, चहा झाला आणि अकोला जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या बाई वही घेऊन आमच्यापाशी आल्या. नववीतल्या एका मुलीने वर्गात त्यांना अडवले होते. तिचे म्हणणे बाईंनी जसेच्या तसे उतरवून आणले होते. ते असे :

"बाई, तुम्ही सांगितलं की फ्रीजमध्ये जंतू मरतात म्हणून पदार्थ टिकतात. आमच्याकडे फ्रीज नाही. आई सोमवारी लोणी काढते, स्टीलच्या डब्यात पाण्यात ठेवते आणि गुरुवारच्या बाजाराला नेते. थंडीत चांगलं राहतं. उन्हाळ्यात बुधवारीच वास मारतं, मग गिऱ्हाईक घेत नाही. आजी म्हणते, तिच्या वेळी उन्हाळ्यातसुद्धा राहायचं. दुकानातलं पिवळं बटर मीठ घातल्यामुळे टिकतं असं म्हणतात. मग आईनं लोण्यात मीठ घालावं का?"

आम्ही बाईंना म्हटले, या मुलीने तीन-चार प्रश्न एकदम विचारले आहेत आणि त्यांपैकी एकाचेही उत्तर 'फ्रीज घ्या' असे नाही. शिबिराच्या गडबडीत नीट बोलता आले नाही, म्हणून हा लेख.

आधी एक दुरुस्ती. फ्रीजमध्ये जंतू मरत नाहीत. त्यांची वाढ मंदावते, एवढेच. ही चूक बाईंची एकटीची नाही. आम्ही तपासलेल्या उत्तरपत्रिकांत ती वर्षानुवर्षे भेटत आली आहे. ती किती महागात पडू शकते हे पुढे येईलच.

आता लोणी म्हणजे काय ते पाहू. लोणी हा निव्वळ स्निग्ध पदार्थ नव्हे. बाजारातल्या खाऱ्या बटरमध्ये स्निग्धांश किमान ८० टक्के आणि पाणी जास्तीत जास्त १६ टक्के असावे, असा आपल्याकडचा नियम आहे. उरलेला भाग मीठ, थोडी प्रथिने आणि दुग्धशर्करा यांचा. घरच्या लोण्यात पाण्याचे प्रमाण बरेचदा याहून जास्त असते. सूक्ष्मजीवांना वाढायला पाणी लागते. शुद्ध तुपात पडलेला जीवाणू उपाशी आणि तहानलेलाच राहतो. म्हणजे लोण्याच्या टिकण्या-नासण्याचा सगळा खेळ त्या पंधरा-वीस टक्के पाण्यात चाललेला असतो. आणि ते पाणी किती आहे यापेक्षा ते कसे विखुरलेले आहे, हे अधिक महत्त्वाचे.

थोडे गणित करू. वर्गात फळ्यावर करण्याजोगे आहे. एक ग्रॅम बटरमध्ये ०.१६ ग्रॅम, म्हणजे १६० घनमिलिमीटर पाणी आहे. डेअरीत लोणी निघाल्यावर ते यंत्रात भरपूर मळतात, त्यामुळे या पाण्याचे अतिशय बारीक थेंब होतात. थेंबाचा व्यास सरासरी ५ मायक्रोमीटर धरला, तर एका थेंबाचे आकारमान सुमारे ६५ घनमायक्रोमीटर येते. भागाकार केला की एका ग्रॅममध्ये सुमारे २४५ कोटी थेंब निघतात. प्रत्येक थेंबाभोवती स्निग्धाची भिंत. जणू २४५ कोटी बंद खोल्यांची चाळ!

या एक ग्रॅममध्ये १०,००० जीवाणू शिरले आहेत असे समजा. ते कितीही विखुरले तरी सुमारे अडीच लाख खोल्यांमागे एका खोलीत एक भाडेकरू. बाकीच्या खोल्या रिकाम्या, म्हणजेच निर्जंतुक. ज्या खोलीत जीवाणू आहे तिथे तरी तो किती वाढणार? चार-पाच पिढ्या झाल्या की खोली भरली. अन्न संपले, आम्ल साठले, भिंत ओलांडता येत नाही. वाढ तिथेच थांबते.

आता हेच पाणी १ मिलिमीटर व्यासाच्या थेंबांत आहे असे धरा. एका ग्रॅममध्ये सुमारे ३०० थेंब होतील आणि प्रत्येकात सरासरी ३३ जीवाणू असतील. एकही खोली रिकामी नाही, आणि प्रत्येक खोली त्यांच्या दृष्टीने मैदानाएवढी मोठी! पाणी तेवढेच, जीवाणू तेवढेच, लोणी मात्र निराळे. (एकाच आकाराचे थेंब प्रत्यक्षात कधी नसतात; लहानमोठे सगळे असतात. घात करतात ते मोठे.)

रवीने घुसळून काढलेले घरचे लोणी चमच्याने दाबले की पाणी सुटते, हे सर्वांनी पाहिले आहे. सुटणारे हे पाणी म्हणजे डोळ्यांना दिसणारे मोठाले थेंब. आपल्या आया-आज्या लोणी दोन-तीन पाण्यांनी धुतात आणि हातावर थापटून त्यातले पाणी काढतात. धुतल्याने ताक, म्हणजे जीवाणूंचे अन्न, निघून जाते. थापटल्याने मोठे थेंब निघून जातात, उरलेले बारीक होतात. दोन्ही गोष्टी शास्त्राला धरून आहेत. फक्त धुण्याचे पाणी स्वच्छ हवे. शक्यतो उकळून गार केलेले. विहिरीच्या किंवा टाकीच्या पाण्यात असणारे स्यूडोमोनास गटातले जीवाणू लोण्याचे जुने वैरी आहेत, आणि त्यांतले काही फ्रीजच्या थंडीतही आपले काम चालू ठेवतात.

मिठाचे काय? इथेही पाणीच मध्यवर्ती आहे. मीठ स्निग्धात विरघळत नाही. पुड्यावर जरी 'मीठ २ टक्के' असले तरी ते दोन ग्रॅम मीठ शंभर ग्रॅम लोण्यात पसरलेले नसते. ते सगळे त्या १६ ग्रॅम पाण्यात असते. म्हणजे थेंबांतले पाणी ११ टक्के खारट झाले. समुद्राचे पाणी साधारण साडेतीन टक्के खारट असते. समुद्राच्या तिप्पट खारट पाण्यात बहुतेक जीवाणूंचा टिकाव लागत नाही. खारातल्या कैऱ्या टिकतात त्या याच कारणाने. (काही पुड्यांवर मिठाऐवजी सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. मुलांकडून करून घ्यावे.)

मग त्या आईने लोण्यात मीठ घालावे का? नुसते भुरभुरून भागणार नाही. मिठाचा खडा आजूबाजूचे पाणी ओढून घेतो आणि थेंब एकत्र येऊन आणखी मोठे होतात. काही थेंब खारट, काही अळणी. अळणी थेंबांत वाढ चालूच राहते. डेअरीत मीठ घातल्यानंतर पुन्हा मळतात ते यासाठीच. शिवाय स्टॅफिलोकोकस ऑरिअस हा विषबाधा करणारा जीवाणू खारटपणाला फारसा भीत नाही, आणि तो आपल्या हातांवर व नाकात असतो. मीठ चांगला पहारेकरी आहे, पण तो एकटा पुरत नाही. आणि बाजारात पांढरे, बिनमिठाचे लोणी मागणारे गिऱ्हाईक खारट लोणी घेईल का, हे त्या माउलीला आमच्यापेक्षा जास्त कळते.

आता उन्हाळ्याकडे येऊ.

शिष्यवृत्तीवर आम्ही काही काळ इंग्लंडात होतो. तिथे घरमालकीणबाईंच्या टेबलावर झाकणाच्या भांड्यात खारे बटर कायम उघड्या खोलीत असे. फ्रीज स्वयंपाकघरात होता, पण त्यात ठेवलेले बटर दगडासारखे होते आणि पावाला लावता येत नाही, ही त्यांची तक्रार. आठवडाभर ते बाहेर राही आणि काही बिघडत नसे. परत आल्यावर आम्ही हाच थाट मुंबईत करून पाहिला. एप्रिल महिना होता. संध्याकाळी भांड्यात वर पिवळे तेल, खाली पांढरट पाणी! घरच्यांनी जे ऐकवले ते इथे लिहीत नाही.

'खोलीच्या तापमानाला ठेवावे' असे पुस्तकात लिहिलेले असते. पण खोली कोणाची? इंग्लंडातली खोली १५ ते २० अंश सेल्सिअसची. अकोल्यातली मे महिन्यातली खोली ३८-४० अंशांची. दुधातले स्निग्ध पदार्थ एका ठरावीक तापमानाला वितळत नाहीत, कारण ते अनेक प्रकारच्या ट्रायग्लिसराइडांचे मिश्रण आहे. ५ अंशांना त्यातला साधारण निम्मा भाग घन स्फटिकांच्या रूपात असतो, २० अंशांना पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी, ३० अंशांना अगदी थोडा. ३७ अंशांच्या सुमाराला जवळजवळ सगळे वितळलेले. जिभेवर लोणी विरघळते ते म्हणूनच.

आपल्या चाळीच्या भिंती या स्फटिकांच्या आधाराने उभ्या आहेत. स्फटिक वितळले की भिंती कोसळतात, थेंब एकमेकांत मिसळतात आणि तळाशी पाण्याचे तळे होते. तीस-पस्तीस अंश म्हणजे जीवाणूंना अगदी सुखाचे तापमान. चाळीतले सगळे भाडेकरू एका ऊबदार तळ्यात एकत्र आले, आता काय होणार ते सांगायला नको. आणि एकदा कोसळलेल्या भिंती पुन्हा थंड केल्याने उभ्या राहत नाहीत. लोणी घट्ट होते, पण थेंब मोठेच राहतात. दुकानात किंवा प्रवासात वितळून पुन्हा गोठलेला पुडा वेडावाकडा झालेला दिसतो, उघडल्यावर पाणी गळते. वजन आणि तारीख बरोबर असली तरी ते लोणी आता पूर्वीचे राहिलेले नाही. भारनियमनाच्या दिवसांत घरच्या फ्रीजमध्येही हे घडू शकते.

त्या मुलीच्या आजीचे म्हणणे इथे उलगडते. बाईंकडून आम्ही निरोप पाठवून विचारले, तेव्हा कळले की आजी लोणी ठेवायची ती मातीच्या मडक्यात, बाहेरून ओले फडके गुंडाळून. मडके फुटले, मग घरात स्टीलचा डबा आला. पाणी दोन्हींत आहे. पण मडक्याच्या छिद्रांतून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते मडक्यातली उष्णता घेऊन जाते. विदर्भातली उन्हाळी हवा कोरडी. हवा ४२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल तेव्हा ओल्या फडक्यातला थर्मामीटर २२ अंशांच्या आसपास उतरतो. मडके इतके गार होत नाही, पण भिंती शाबूत राहतील इतके होते. स्टीलच्या डब्यातून काहीच झिरपत नाही. आतले पाणी खोलीइतकेच तापते. कोकणात मात्र आजीची युक्ती चालणार नाही. तिथे मे महिन्यात हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असली, तर ओला थर्मामीटर २८च्या खाली जात नाही, आणि मडके त्याच्याही वर राहते.

लोणी पाण्यात ठेवण्याचे शहाणपण आपल्यापुरतेच नाही. फ्रान्समध्ये लोण्याने भरलेली वाटी पाण्याच्या भांड्यात उलटी बुडवून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. पाण्यामुळे हवा लागत नाही. पाणी रोज बदलायचे, हा नियम तिथेही आहे.

हवा लागली तर काय होते? लोण्याला येणारा वास हा एक नव्हे, दोन वेगवेगळे वास आहेत आणि अनुभवी नाक ते ओळखते. पहिला उग्र, ओकारीची आठवण करून देणारा. तो ब्युटिरिक आम्लाचा. शेव्रल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८१४ च्या सुमारास लोण्यातून हे आम्ल वेगळे काढायला सुरुवात केली. नावातले 'ब्युटिर' म्हणजे लॅटिनमधले लोणीच. दुधाच्या स्निग्धात ते वजनाने ३-४ टक्के असते, पण ग्लिसरॉलला जखडलेले असते तोवर त्याला वास नसतो. जीवाणू आणि बुरशी यांच्याजवळ लायपेझ नावाचे विकर असते. ते ही साखळी तोडते आणि आम्ल मोकळे होते. गुरुवारच्या बाजारात गिऱ्हाईक नाक मुरडते ते या वासाने.

दुसरा खवटपणा. जुन्या खोबऱ्याला येतो तसा. यात सूक्ष्मजीवांचा हात नसतो. हवेतला ऑक्सिजन असंपृक्त स्निग्धाम्लांवर हल्ला करतो. उजेडाने आणि तांब्याच्या अंशाने ही क्रिया वेगाने होते. ताक-लोण्याच्या पितळी भांड्यांना कल्हई लागायची तिचे मुख्य कारण कळकणे हे खरे, पण लोणी खवट होऊ न देणे हा त्यातला फुकटचा फायदा. ही क्रिया थंडीत मंदावते, थांबत नाही. रासायनिक क्रियांचा वेग दर १० अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो असे धरले, तर ३५ अंशांना जे एका दिवसात घडते त्याला ५ अंशांना आठ दिवस लागतील. फ्रीज आपल्याला विकत देतो ते हे सात दिवस. शिवाय स्निग्ध पदार्थ वास पटकन शोषतात. उघडे लोणी आणि कापलेला फणस एका फ्रीजमध्ये ठेवून पाहावे. दुसऱ्यांदा कोणी ठेवणार नाही.

आता ती महागात पडणारी चूक. फिनलंडमध्ये जून १९९८ ते एप्रिल १९९९ या काळात लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस या जीवाणूने २५ जण आजारी पडले. त्यांतले ६ दगावले. बहुतेक जण एका मोठ्या रुग्णालयात दाखल असलेले, आधीच प्रतिकारशक्ती खालावलेले. शोध घेता घेता माग लागला तो न्याहारीबरोबर मिळणाऱ्या ७ ग्रॅमच्या बटरच्या पुड्यांशी. बटर पाश्चरीकरण केलेल्या सायीचे होते. जीवाणू नंतर, डेअरीतच शिरला होता. लिस्टेरिया फ्रीजच्या तापमानालाही सावकाश वाढतो. तपासलेल्या बहुतेक पुड्यांत त्याची संख्या थोडीच होती. धडधाकट माणसाला एवढ्याने सहसा काही होत नाही. पण गरोदर स्त्री, म्हातारी माणसे, कर्करोगाचे रुग्ण यांच्या बाबतीत 'फ्रीजमध्ये होते ना' हे उत्तर पुरेसे नाही. बटर ओट्यावर राहिले म्हणून हे घडले नव्हते, हे ध्यानात घ्यावे.

मग आमच्या घरी आज काय करतो? खाऱ्या बटरचा पुडा फ्रीजमध्ये, कागदात नीट गुंडाळून. डिसेंबर-जानेवारीत एका-दोन दिवसांपुरता तुकडा झाकणाच्या अपारदर्शक भांड्यात बाहेर. मार्चपासून तेही बंद. बिनमिठाचे बटर कधीच बाहेर नाही. घरचे लोणी काढल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खायचे, उरलेले कढवायचे. लोणी कढवताना जो तडतड आवाज येतो तो पाण्याचे थेंब उडून जाण्याचा. आवाज थांबला म्हणजे खोल्या संपल्या. तुपात पाणी अर्ध्या टक्क्याहून जास्त नसावे असा नियम आहे, आणि कढवण्याच्या उष्णतेने जीवाणू व त्यांची बहुतेक विकरेही निकामी होतात. म्हणून तुपाला फ्रीज लागत नाही. फक्त ओला चमचा घालू नये.

बाईंना आम्ही कळवले ते असे : उन्हाळ्यात शक्य असेल तर घुसळण सोमवारऐवजी बुधवारी संध्याकाळी करावी. तोवर काय ठेवायचे? दही. ते आंबट होईल, पण त्यातल्या आम्लामुळे अपायकारक जीवाणूंना आळा बसतो. तेही मडक्यातच ठेवावे. लोणी उकळून गार केलेल्या पाण्याने धुवावे, स्वच्छ हातांनी थापटावे. विकून उरेल त्याचे त्याच रात्री तूप.

सोबत वर्गासाठी एक प्रयोगही दिला. मोजपात्रात ५० ग्रॅम बटर आणि दुसऱ्यात ५० ग्रॅम घरचे लोणी घ्या. दोन्ही ६० अंशांच्या गरम पाण्यात उभी करा. वितळल्यावर वर तूप, खाली पाणी आणि मध्ये पांढरा साका असे थर दिसतील. अर्ध्या तासाने खालच्या पाण्याची उंची मोजा. मग दोन्हींच्या पाण्यात निळा लिटमस बुडवून पाहा. हे लोणी नंतर खाऊ नका.

जुलैमध्ये बाईंचे पत्र आले. बटरच्या पात्रात तळाशी साडेआठ मिलिलिटर पाणी मिळाले, घरच्या लोण्याच्या पात्रात १२. त्या मुलीने दुसऱ्या दिवशी आईकडून दोन लोणी आणली, एक नेहमीचे आणि एक नीट थापटलेले. थापटलेल्यात ९ भरले. आईला हे आकडे सांगितल्यावर ती म्हणाली, "बाजारात बाया लोणी बोटानं दाबून बघतात, ते काय उगीच?"